दुसऱ्यांदा न विचारणारी दरी

“ती गप्प मुलगी ना? तिला चालायची आवड नाही. मी विचारलं होतं तिला.”

मिसेस हॅलवर्सन हे आपल्या स्वयंपाकघरात, कॉफीचा थर्मास सॅकमध्ये कोंबता कोंबता, इंग्रजीत म्हणाल्या. ऐकणारे म्हणजे टेबलाशी ओटमील खात बसलेले एक म्हातारे पाहुणे. आणि दुसरी मी. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. बुटांच्या नाड्या दुहेरी गाठ मारून बांधलेल्या, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, पाठीवर मावसबहिणीची शाळेची सॅक, आणि तिच्यात पाण्याची बाटली नि रुमालात गुंडाळलेल्या दोन दशम्या. एवढी तयारी करून, उजाडायच्या आधी उठून, मी तिथे उभी होते ती फक्त एकाच कारणासाठी: मिसेस हॅलवर्सननी निघता निघता मला आणखी एकदा विचारावं.

त्यांनी विचारलं नाही. मागचं दार उघडलं, थंड हवेचा एक झोत आत आला आणि दार लागलं. खिडकीतून त्यांची लाल टोपी कुरण ओलांडताना दिसली, मग झाडीत शिरली. म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, “निघालात का कुठे?”

“नाही नाही,” मी म्हणाले आणि वर जाऊन बूट काढले.

शुक्रवार

अमेरिकेत मी मावशीकडे राहायला गेले होते, वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू नावाच्या गावी. एम.ए. झालं होतं, पुढे काय ते ठरत नव्हतं आणि घरात सगळ्यांना मी काही दिवस दूर असलेली बरी वाटत होती. काका, म्हणजे मावशीचे यजमान, तिथे इंजिनियर आहेत. माझं परतीचं तिकीट जवळ आलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “हिला डोंगर आवडतात. लाँग वीकेंड घेऊ आणि कॅस्केडमध्ये जाऊ. हाइकिंग करू.”

मी नाशिकची. कॉलेजच्या ग्रुपबरोबर कळसूबाई, अंजनेरी, हरिहर केलेली. घराबाहेर मला बोलता येत नाही, पण चालता येतं. चालताना कुणी बोलायची अपेक्षा करत नाही. त्यामुळे काकांचं ‘हाइकिंग’ ऐकून मला इतका आनंद झाला की मी “बरं” म्हणाले. काकांना वाटलं, हिला फारशी हौस दिसत नाही.

बरोबर काकांचे मित्र डॉक्टर कुकडे आणि त्यांची बायको कुसुमकाकू होते. दोघं मूळचे नागपूरचे. सहा माणसं, दोन बर्फपेट्या आणि एक प्रेशर कुकर असं सगळं काकांच्या स्टेशन वॅगनमध्ये बसलं. तिला सगळ्यात मागे एक उलट तोंडाची सीट असते. तिथे मी आणि मावशीची सोळा वर्षांची मुलगी नीना. सगळा प्रवास आम्हाला जे मागे पडलं तेवढंच दिसत होतं. पुढून “अगं ते शिखर बघ, शिखर!” असा गजर व्हायचा आणि आम्ही वळून बघेपर्यंत डोंगराची बाजू आड येऊन ते दिसेनासं व्हायचं. त्या दरीतही मी पाठमोरीच शिरले. आधी दोन्ही बाजूंना काळ्या-हिरव्या सुचीपर्णी झाडांच्या भिंती आल्या, मग त्या मागे सरल्या, मध्ये वाळलेल्या गवताचं सपाट कुरण उघडलं, त्यातून एक ओढा आणि एक वाट. आवाज म्हणून काही नव्हताच. काकांनी इंजिन बंद केल्यावर तर कानांना चुकल्यासारखं झालं. ही शांतता डॉक्टर कुकड्यांनी लगेच दूर केली. “काय बापा जागा आहे! एक माणूस नाही!” ते ओरडले. समोरच्या कड्यावरून ‘नाही’ परत आलं.

गेस्टहाऊस लाकडी, दोन मजली. मालकीणबाई मिसेस हॅलवर्सन साठीच्या पुढच्या, उंच, विधवा, पायांत लोकरीचे जाड मोजे. अमेरिकेत पाहुण्याला सगळं एकदाच विचारतात, पण फार बारकाईने. अंडी कशी हवीत, पाव पांढरा की ब्राउन, उशी मऊ की कडक. तुम्ही जे म्हणाल ते लिहिल्यासारखं पक्कं होतं.

आमच्या मंडळींना हे प्रश्न झेपेनात, म्हणून ते माझ्याकडे वळवले गेले. “तू सांग गं त्यांना. कॉन्व्हेंटची आहेस, तुझं इंग्लिश फर्स्टक्लास आहे,” काका म्हणाले. काका त्या देशात सतरा-अठरा वर्षं राहताहेत. तरीही त्या पहिल्या तासात मी मिसेस हॅलवर्सनकडे जाऊन मावशीसाठी जास्तीचं ब्लँकेट, डॉक्टरांसाठी खालच्या मजल्यावरची खोली, काकांसाठी चहा उकळायचं भांडं (“किटली नको म्हणाव, भांडं”) आणि कुसुमकाकूंसाठी गरम पाण्याची बादली मागितली. शेवटच्या खेपेला त्या म्हणाल्या, “आणि तुला? तुला काय हवं?”

“काही नको,” मी म्हणाले.

संध्याकाळी मी ओट्यावर उभी होते. समोरच्या डोंगराच्या खांद्यावर, जिथे झाडी संपून खडक सुरू होतो तिथे, पिवळा पट्टा दिसत होता. ऊन तर मावळलेलं. मिसेस हॅलवर्सन लाकडं घ्यायला बाहेर आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या.

“लार्च,” त्या म्हणाल्या. “देवदाराच्या जातीचंच झाड, पण हिवाळ्याआधी सोनेरी होतं आणि सगळं गाळून टाकतं. त्यांच्या मधोमध तळं आहे. बर्फ पडायच्या आधी मी दरवर्षी एकदा जाऊन येते. उद्या सकाळी निघणार आहे. येतेस?”

मला यायचं होतं. त्या आठवड्यात, त्या महिन्यात, कदाचित त्या वर्षात मला दुसरं काही इतकं हवं वाटलं नव्हतं.

“नाही नाही, राहू दे,” मी म्हणाले. “तुम्हाला उगाच त्रास.”

“ओके,” मिसेस हॅलवर्सन म्हणाल्या, आणि लाकडं घेऊन आत गेल्या.

शनिवार

हे वाचणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही मला समजावून सांगावं लागणार नाही. कुणी विचारलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘कशाला उगाच’, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, थोडंसं’. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी माणसं आमच्या घरी हावरट समजली जात. विचारणाऱ्यालाही हे माहीत असतं. त्याच्या पहिल्या प्रश्नात अजून दोन प्रश्न घडी घालून ठेवलेले असतात. मिसेस हॅलवर्सनच्या प्रश्नात काही नव्हतं. प्रश्न होता, तो संपला.

नीनाला मी हे खोलीत सांगितलं. ती कानांवर हेडफोन लावून पलंगावर पडली होती.

“यू सेड नो,” ती म्हणाली.

“हो, पण तसं म्हणायचं असतं.”

“व्हाय?”

“म्हणजे त्या परत विचारतात.”

“बट यू सेड नो. मग ती परत का विचारेल? दॅट वुड बी रूड.”

दुसऱ्यांदा विचारणं हा तिच्या लेखी उद्धटपणा होता. नीनाने हेडफोन परत लावले, मग एक कान मोकळा करून म्हणाली, “आई मला रोज चार वेळा विचारते, दूध हवं का. एव्हरी सिंगल डे. आय हेट मिल्क.”

आमची हाइक त्या दिवशी धबधब्यापर्यंत होती. मिसेस हॅलवर्सन उजाडताच गेल्या. आम्ही ऊन डोक्यावर आल्यावर निघालो, कारण पुऱ्या तळायच्या होत्या. मागच्या अंगणात काकांनी कॅम्पिंगचा स्टोव्ह लावला. मावशी लाटत होती, कुसुमकाकू तळत होत्या आणि म्हातारे पाहुणे खुर्ची आणून बघत बसले होते. त्यांना पहिल्या घाण्यातली पुरी दिली. ते “थँक यू, धिस इज प्लेंटी” म्हणाले. त्यांना आणखी तीन मिळाल्या. नंतर ते जरा घाईने आत गेले.

कुसुमकाकू पाचवारी साडी, डॉक्टरांचे लोकरीचे मोजे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट अशा निघाल्या. काकांच्या गळ्यात कॅमेरा. फिल्म महाग म्हणून प्रत्येक फोटोत सगळे हवेत, आणि सगळे आले की कुणीतरी डोळे मिटायचं. वाटेच्या तोंडाशी पाटी होती की इथे अस्वलं आहेत, आवाज करत चाला. ही सूचना आम्हाला लागू नव्हती. डॉक्टर कुकडे नागपूरच्या कुठल्याशा भाऊबंदकीची कथा सांगत होते, काका मध्येमध्ये शंका काढत होते आणि मावशी दोघांना “हळू!” असं त्या दोघांपेक्षा मोठ्याने सांगत होती. त्या दरीतलं शेवटचं अस्वल बहुधा कॅनडाच्या हद्दीत गेलं असेल.

वाट मात्र सुंदर होती. सह्याद्रीत वाट सरळ अंगावर येते: चढ म्हणजे चढ, हाताला कातळ, पायाखाली घसारा. इथे वाट डोंगराच्या विनवण्या करत जाते, लांबलांब वळणं घेत, कुठेही दम लागू न देता. खाली पाइनच्या सुयांचा गादीसारखा थर. आपल्याकडे वाटेत गुराखी भेटतो, तो ‘कुठनं आलात?’पासून सुरू करून तुमची जात, पगार आणि लग्न झालं की नाही इथपर्यंत येतो आणि शेवटी वाट चुकीची सांगतो. इथे समोरून येणारी माणसं हसतात, “हाय” म्हणतात आणि थांबत नाहीत. माझ्यासारखीला हे फार सोयीचं. पहिल्यांदाच मला वाटलं की मी इथे राहू शकेन.

“काहून गं, मागे मागे चालून राहिली?” कुसुमकाकूंनी वळून विचारलं. “दमली का?”

“नाही.”

“दमली आहे पोरगी. बसा रे सगळे. चिवडा काढा.”

चिवडा नाश्त्याच्या सिरियलचा, पण फोडणी अस्सल. मला नको होता. मी “नको” म्हणाले, “खरंच नको” म्हणाले, आणि मग चिवडा खाल्ला. धबधब्यापर्यंत पोहोचेतो आम्ही तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा माझ्या दमण्यामुळे.

परत आलो तर मिसेस हॅलवर्सन ओट्यावर बूट झटकत होत्या. माझ्या मनात आलं, झालं, पाहून आल्या. पण त्या म्हाताऱ्या पाहुण्यांना सांगत होत्या, “ढग खाली उतरले. समोरचं दिसेना, अर्ध्यातून परत फिरले. सोमवारी पुन्हा बघीन. मंगळवारपासून बर्फ आहे म्हणतात, मग ती वाट थेट जुलैत उघडणार.”

सोमवारी! मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. इतक्या जवळ की आता न विचारणं कुणालाही अवघड जावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्रेमाने हसल्या आणि विचारलं, “तुझ्या काकांना आणखी एक भांडं हवंय का?”

रविवार

रविवारी आम्ही प्रत्यक्ष तळ्याच्याच वाटेने निघालो. हे मी घडवून आणलं असं म्हणायला हरकत नाही, कारण काकांनी “आज कुठे?” विचारल्यावर मी नकाशावर त्या वाटेशेजारी बोट ठेवून बसले होते आणि नीना म्हणाली, “हर फिंगर इज ऑन धिस वन.” काका म्हणाले, “बरं, जाऊ तर खरं. जमेल तितकं.”

जमेल तितकं! आमच्या मंडळींच्या या शब्दावर मी किती डोंगर अर्धे सोडलेत.

वाट ओढ्याकाठून निघून झाडीत शिरली. वर वर जाताना झाडं खुजी होत गेली, हवा पातळ आणि स्वच्छ झाली, बोलणं आपोआप कमी झालं. डॉक्टरांनाही श्वास पुरेना. एका मोकळ्या खांद्यावर लाकडी बाक होता. तिथून समोर सगळं एकदम उघडलं. खाली दरी, तिच्यात काडेपेटीएवढं गेस्टहाऊस. वर राखाडी कडा, आणि कड्याच्या पायथ्याशी तो पिवळा पट्टा. आता तो पट्टा राहिला नव्हता, वेगवेगळी झाडं दिसत होती, शेकडो, प्रत्येक एखाद्या समईसारखं उभं. त्यांच्यामागे कुठेतरी तळं असणार. फार तर तासाभराचा चढ.

जवळून ती झाडं कशी असतात हे आता मला माहीत आहे. सुया इतक्या मऊ असतात की मुठीत धरल्या तर टोचत नाहीत. वारा आला की एकदम पुष्कळ गळतात आणि तळ्याच्या काठाला पिवळ्या सायीसारख्या जमतात. पाणी काळसर हिरवं, आणि इतकं स्थिर की वरचा कडा खाली आणखी एकदा उभा असतो. तिथल्या माझ्या एकमेव फोटोत माझा अंगठा आला आहे. तेव्हा जे आहे ते एवढंच, शब्दांत. पण रविवारी, त्या बाकाशी, यातलं काही मला माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की पाय उचलले तर पोहोचेन.

“बसा,” मावशी म्हणाली. “इथेच जेवू. व्ह्यू आहे.”

सतरंजी पसरली गेली. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, दशम्या, बेसनाचे लाडू. मी माझ्या परीने बोलून पाहिलं.

“वर अजून छान असेल,” मी म्हणाले.

“इथूनच सगळं दिसतंय की,” काका म्हणाले. “वर गेलं की उलट काही दिसत नाही. जवळ जातो ना आपण.”

“वर तळं आहे म्हणतात.”

“तळी काय, नाशकात कमी आहेत? पुरी घे.”

“नको. दोन झाल्या माझ्या.”

“दोन पुऱ्या म्हणजे काय जेवण आहे होय?” कुसुमकाकूंनी तिसरी वाढली. चौथीही तिच्यावरच ठेवली. “लाजून राहिली. तुझ्या आईला काय सांगू मी, अमेरिकेत पोरीला उपाशी ठेवलं?”

मी चारही पुऱ्या खाल्ल्या. खाताना समोर बघत होते. ऊन त्या झाडांवर आलं तेव्हा सगळा उतार आतून पेटल्यासारखा झाला.

मी एकटी जाऊन येते असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडात तयार होते. पण त्याचं पुढे काय होतं ते मला पाठ होतं: “एकटी? या जंगलात? अगं काही झालं तर?” मग डॉक्टर म्हणणार, “मी जातो सोबत,” मग कुसुमकाकू म्हणणार, “तुमचा गुडघा!”, मग काका म्हणणार, “सगळेच जाऊ,” आणि सगळ्यांनीच न जायचं ठरणार. आमच्यात एकट्याने जायचं नसतं आणि सगळ्यांना जायचं नसतं.

डबे बंद झाले. आम्ही उतरलो. उतरताना सगळे फार खूश होते. डॉक्टर म्हणाले, “हाइक झाली बुवा!”

दुपारी मी हिंमत केली. मिसेस हॅलवर्सन स्वयंपाकघरात ‘ॲपल पाय’साठी सफरचंदं सोलत होत्या. मी दारात उभी राहिले, मग आत गेले, मग ओट्याला टेकले. सरळ मागणं जमणार नव्हतं, पण आपल्याकडे ज्याला सुचवणं म्हणतात ते मी उत्तम करते.

“वर फार सुंदर असेल नाही, आता?” मी म्हणाले.

“हो, फार,” त्या म्हणाल्या.

“तळंही.”

“तळं तर अप्रतिम.”

“मी असं काही कधी पाहिलं नाही. आमच्याकडे अशी झाडं नाहीत.”

त्या सोलायच्या थांबल्या. माझ्याकडे नीट पाहिलं. कळलं, मला वाटलं, एकदाचं कळलं. त्यांनी हात पुसले, टेबलाचा खण उघडला, आणि माझ्या हातात त्या तळ्याचं पिक्चर पोस्टकार्ड ठेवलं.

“घे. तुझ्यासाठी. घरच्यांना दाखव.”

मी “थँक यू” म्हटलं. आणखी काय म्हणणार?

वर येऊन ते कार्ड मी नीनाला दाखवलं. ती इतकी हसली की तिला उठून बसावं लागलं. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली.

“ताई, लिसन. शी इज नॉट गोइंग टू आस्क. कधीच नाही. यू हॅव टू से इट.”

“मला असं मागता येत नाही गं.”

“परवा तू चहाचं भांडं मागितलंस. काकूची बादली मागितलीस. यू आस्क्ड फॉर एव्हरीबडी.”

“ते माझ्यासाठी नव्हतं.”

नीनाने खांदे उडवले. त्या वेळी मला तिचा राग आला. तिच्या हेडफोनचा, तिच्या देशाचा, तिथल्या एकदाच विचारण्याचा, आणि घरच्या तीनदा विचारण्याचाही. एका ठिकाणी माझं ‘नको’ कुणी ऐकतच नाही, दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच ‘नको’ला दार लावून घेतात. दोन्हीकडे मला हवं ते मिळत नव्हतं.

रात्रीचं जेवण त्या घरात दिवस मावळायच्या आतच असतं. एकच लांब टेबल. काकांनी नकाशा पसरला.

“तर उद्या ब्रेकफास्ट करून लगेच निघायचं. परत जाताना थोडा डीटूर घेऊ. एक मोठं धरण आहे, जबरदस्त काँक्रीटचं काम. हिला दाखवलंच पाहिजे.”

“अहो, नाशिकच्या मुलीला धरण काय दाखवताय?” मावशी म्हणाली.

“हे वेगळं आहे. काय गं, बघायचंय ना?”

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. “तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हणाले.

“बघा, तिला बघायचंय,” काका म्हणाले. (ते धरण अजून माझं बघायचं राहिलंय. काकांनी मला त्याबद्दल अद्याप माफ केलेलं नाही.)

मिसेस हॅलवर्सननी सफरचंदाचा पाय वाढला. दालचिनीचा वास, वरचं आवरण कुरकुरीत, आत आंबटगोड. मी तीन दिवस दुसऱ्यांच्या हाताने जेवत होते. हा पाय मात्र मला मनापासून आवडला. माझा तुकडा संपलेला कुसुमकाकूंनी पाहिला आणि माझ्या बशीत दुसरा टाकला.

“नको नको काकू. नो, नो.”

मिसेस हॅलवर्सन तेव्हा माझ्या मागून जात होत्या. त्यांनी माझं ‘नो, नो’ ऐकलं. एक पाहुणी नको म्हणतेय आणि तिच्या बशीत जबरदस्तीने अन्न पडतंय, हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी हात लांब करून माझी बशी अलगद उचलली, कुसुमकाकूंकडे पाहून समजुतीने हसल्या आणि पायचा तो तुकडा, माझा तुकडा, म्हाताऱ्या पाहुण्यांसमोर ठेवला. त्यांनी तो लगेच खायला घेतला.

माझ्या पुढ्यात आता काहीच नव्हतं. टेबलक्लॉथवर बशीचा गोल ठसा.

कुसुमकाकूंचं तोंड उघडंच राहिलं. “उचलून नेली?” त्या मावशीला म्हणाल्या. “पोरगी लाजून नाही म्हणून राहिली, तिला कळत नाही का?”

मला काय झालं कुणास ठाऊक. मी त्या ठशाकडे बघत होते. हे असंच जाणार, मला वाटलं. तळं, झाडं, पुढचंही सगळं. एक बाई वाढणार, एक बाई उचलून नेणार, दोघीही मायेनेच, आणि मी मध्ये बसून नको नको म्हणत राहणार.

मिसेस हॅलवर्सन दिव्याची वात कमी करत म्हणाल्या, “मी आता झोपते. उद्या उजाडताच तळ्याकडे निघायचंय. नाश्ता झाकून ठेवते, काकांना सांगा उशीर झाला तरी चालेल. गुड नाइट.” आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या.

टेबलाखालून नीनाने मला लाथ मारली. चांगली जोरात.

मी उभी राहिले. खुर्ची मागे इतक्या मोठ्याने सरकली की डॉक्टरांची नागपूरची कथा मध्येच थांबली. “काय झालं गं?” मावशी म्हणाली. “पाणी हवं का?” काका म्हणाले, “बस तू, मी मागतो.” मिसेस हॅलवर्सन दारात, हात कडीवर ठेवून, वळून पाहत होत्या. त्यांना वाटलं असणार, आता कुणाला तरी काहीतरी हवंय.

बोलले ते इंग्रजीतच, शाळेत सिस्टरांपुढे उभं राहून बोलायचे तसं, प्रत्येक शब्द सुटा सुटा.

“मिसेस हॅलवर्सन, शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही मला एक विचारलं होतं. ते प्लीज आणखी एकदा विचाराल का?”